फॉक्स-बॉडी मस्टँग ५.० : मूळ कॅम ठेवावा की ई३०३ बसवावा?

१९८७ ते १९९३ च्या फोर्ड मस्टँग ५.० मधला ('फॉक्स-बॉडी' म्हणजे मस्टँगची ही पिढी, ५.० म्हणजे पाच लिटरचं इंजिन) मूळ रोलर कॅम, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, लोक फार घाईने काढून टाकतात. त्याची लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते अंतर) ०.४४४ इंच, लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमवरच्या उंचवट्यांमधला कोन) सुमारे ११५ अंश. दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहण्याचा काळ (ओव्हरलॅप) त्यात कमी, म्हणून आयडल (गाडी उभी असतानाचं इंजिनचं चालणं) शांत, इनटेकमधला, म्हणजे हवा आत येण्याच्या मार्गातला, व्हॅक्यूम भरपूर आणि खालच्या आरपीएमला ताकद चांगली. रोज ट्रॅफिकमधून जाणाऱ्याला हेच हवं असतं.

फोर्डच्याच ई३०३ या जास्त जोरकस कॅमची लिफ्ट ०.४९८ इंच, सेपरेशन ११० अंश. ओव्हरलॅप वाढतो, गाडी उभ्या जागी धडधडते. तो आवाज मलाही अतिशय आवडतो! पण खालची ताकद थोडी कमी होते. खरी मजा वरच्या आरपीएमला. व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलाव्याच लागतात, पिस्टन-व्हॉल्व्हमधलं अंतरही मोजायला हवं. १९८९ पूर्वीच्या बहुतेक गाड्यांत मास-एअर (आत येणारी हवा थेट मोजणारा सेन्सर) नाही. तिथे कॉम्प्युटर व्हॅक्यूमवरून हवेचा अंदाज घेतो, म्हणून ओव्हरलॅपमुळे व्हॅक्यूम घटला की तो गोंधळतो.

मूळ हेड (सिलिंडरवरचे, व्हॉल्व्ह बसवलेले भाग) असतील तर मी कॅमला हात लावणार नाही. ॲल्युमिनियम हेड, मोकळा इनटेक आणि मागच्या ॲक्सलला ३.७३ गुणोत्तराचा गिअर असेल, तर ई३०३ खुशाल बसवा.