जुन्या गाडीचं अधूनमधून होणारं मिसिंग आणि ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: काही महिन्यांच्या वापरानंतर

‘कोड वाचला की कुठला पार्ट गेलाय ते कळेल’ एवढ्याच आशेवर हा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटमध्ये लावायची, इंजिनच्या कॉम्प्युटरमधली माहिती मोबाइलवर दाखवणारी डबी) घेणार असाल तर निराशा होईल. माझ्या पेट्रोल गाडीचं (चार सिलिंडर, प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी व्होल्टेज देणारी स्वतंत्र कॉइल, मीटरवर दोन लाखांच्या वर) मिसिंग (मिसफायर, म्हणजे मध्येच एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळणं) या डबीमुळेच सापडलं, पण कोडमुळे नव्हे.

अशा मिसिंगचं खरं दुखणं म्हणजे गॅरेजमध्ये गाडी अगदी शहाण्यासारखी चालते. मेकॅनिकला काही जाणवत नाही, मग ‘प्लग बदलून बघू, इंजेक्टर साफ करून बघू’ सुरू होतं. माझ्या गाडीला कोड आला पी०३००. मिसफायर आहे, पण नेमका कुठल्या सिलिंडरचा ते सांगता येत नाही, असा त्याचा अर्थ. पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी आला असता तर शेवटच्या आकड्यावरून सिलिंडर कळला असता. ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) ठिणगी काही दिसत नाही. क्रँक सेन्सरवरून तो क्रँकशाफ्टच्या वेगातले बारीक चढउतार पाहतो, आणि ज्या सिलिंडरच्या पाळीला वेग कमी पडला त्याच्या खात्यावर मिसफायर टाकतो. फार खडबडीत रस्त्यावर म्हणूनच खोटी नोंदही होऊ शकते.

कामाला आली ती फ्रीझ फ्रेम. कोडची नोंद होताना आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान, वेग आणि फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोल किती कमी-जास्त केलं त्याचा आकडा) किती होतं, हे ईसीयू साठवून ठेवतो. स्कॅनर फक्त ते वाचून दाखवतो. कोड पुसला की ही नोंदही जाते, त्यामुळे आधी स्क्रीनशॉट, मग पुसणं. बरीच गॅरेजं नेमकं उलटं करतात: दिवा घालवतात आणि पुरावाही घालवतात.

फ्रेम जमत गेल्या तसे त्यांचे सरळ दोन गट पडले. एका गटात इंजिन तापलेलं, लोड जास्त, चढावर वरच्या गिअरमध्ये. दुसऱ्यात इंजिन तितकंच तापलेलं, पण गाडी उभी, आयडलिंगवर. थोडी रेस दिली की दुसरा प्रकार गायब. एकच बिघाड दोन इतक्या वेगळ्या परिस्थितींत दिसणं अवघड, म्हणून मी दोन वेगळे धरून चाललो.

इथे मोड ०६ (ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्यांचे निकाल दाखवणारा भाग) उपयोगी पडला. कॅन प्रोटोकॉलच्या (गाडीतल्या कॉम्प्युटरांची आपसात बोलण्याची एक पद्धत) गाड्यांत तिथे सिलिंडरनिहाय मिसफायर मोजलेले सापडतात: ए२ म्हणजे पहिला सिलिंडर, ए५ म्हणजे चौथा. त्यात ०सी हा चालू फेरीचा (इंजिन सुरू केल्यापासूनचा) आकडा, ०बी ही मागच्या १० फेऱ्यांची सरासरी. ॲपमध्ये हे इतक्या आत दडवलेलं आहे की बहुतेक जण तिथवर जातच नसतील. चढावर आकडा वाढायचा दुसऱ्या सिलिंडरचा, आयडलिंगला चौथ्याचा.

दुसऱ्याची कॉइल काढून तिसऱ्यावर लावली, तिसऱ्याची दुसऱ्यावर. पुढच्या चढाला मिसफायर तिसऱ्याच्या खात्यावर. विषय संपला. लोड वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि तापलेल्या जुन्या कॉइलचं इन्सुलेशन तिथे दगा देतं. प्लगची गॅप झिजून वाढली असेल तर कॉइलवर आणखी ताण, म्हणून प्लगही सोबत बदलले.

चौथा सिलिंडर मात्र स्कॅनरच्या आवाक्याबाहेरचा निघाला. फ्युएल ट्रिम थोडं अधिककडे झुकलेलं होतं, आणि ते पाहून व्हॅक्यूम लीकचा (इंजिनात कुठून तरी जादा हवा शिरत असल्याचा) संशय कोणालाही येईल. पण मिसफायर झाला की न वापरलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो, ऑक्सिजन सेन्सर मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) आहे असं सांगतो आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. तेव्हा वाढलेलं ट्रिम मिसफायरचा परिणामही असू शकतं. कॉइल, प्लग, इंजेक्टर अदलाबदल करूनही आकडा चौथ्यावरून हलला नाही, तेव्हा मेकॅनिकने टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट) मोजला. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा जवळजवळ संपला होता. जास्त चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातो, गॅप कमी होते, आणि इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. कॉम्प्रेशन गळतं ते आयडलिंगलाच जास्त जाणवतं, कारण आरपीएम वाढले की गळायला वेळच मिळत नाही. टॅपेट सेट केल्यावर तेही थांबलं.

तक्रारी आहेत. डेटा हळू येतो. एका वेळी चार-पाचच पॅरामीटर ठेवले तर आलेख वाचण्यासारखा होतो. डबीवर आवृत्ती १.५ छापलंय, आणि अशा स्कॅनरमध्ये वापरल्या जाणाऱ्या मूळ ईएलएम३२७ चिपची अशी आवृत्ती कधी निघालीच नाही, म्हणजे ही नक्कल. तरी माझ्या गाडीवर मोड ०६ चालला. सगळ्या नकलांवर चालेलच असं नाही, घेतल्या घेतल्या तपासून घ्या. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला चावी बंद असतानाही बॅटरीची लाइन असते, त्यामुळे गाडी उभी ठेवायची असेल तर डबी काढून ठेवा.

आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर आलेख बघत गाडी चालवत राहू नका. लुकलुकणारा दिवा म्हणजे मिसफायर इतका की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळू शकतं, आणि तो कॉइलपेक्षा कितीतरी महाग पडतो.