बाखचा पाचवा ब्रँडेनबुर्ग: कुठलं चित्रीकरण आधी बघावं?

जुना जर्मन संगीतकार बाख याचे सहा ब्रँडेनबुर्ग कन्चेर्तो, म्हणजे मुख्य वाद्यं आणि वाद्यवृंद मिळून वाजवायच्या रचना, कानावरून गेलेत, पण वाजवणारी माणसं कधी बघितली नाहीत, असं असेल तर पाचव्यापासून सुरुवात करा. वीसेक मिनिटांचा मामला. बासरी, व्हायोलिन आणि हार्प्सिकॉर्ड हे तिघे मुख्य. त्यातलं हार्प्सिकॉर्ड म्हणजे पेटीसारख्या पट्ट्यांचं पण तारांचं, एरवी मागे बसून साथ करणारं वाद्य. इथे पहिल्या भागाच्या शेवटी ते सगळ्यांना गप्प बसवतं आणि ६५ बारची (बार म्हणजे ठेक्याचं छोटं आवर्तन) कॅडेन्झा, म्हणजे एकट्याने करामत दाखवायचा तुकडा, वाजवतं. पेटीवाल्याने मैफल मारून न्यावी, तसं.

माझ्या मते खरी निवड दोन चित्रीकरणांत आहे. पहिलं वाद्यवृंद चालवणारा कार्ल रिख्टर आणि त्याच्या म्युनिक बाख ऑर्केस्ट्राचं, म्युनिकजवळच्या श्लाइसहाइम राजवाड्यात १९७० साली केलेलं. दुसरं फ्रायबुर्ग बरोक ऑर्केस्ट्राचं, २००० सालचं, जर्मनीतल्याच क्योथेन गावच्या राजवाड्यातल्या आरसेमहालात. बाख १७१७ ते १७२३ याच क्योथेनच्या दरबारी नोकरीला होता आणि या सहा रचनांच्या हस्तलिखितावरची अर्पणपत्रिका मार्च १७२१ची आहे. म्हणजे जागा नुसती देखणी म्हणून निवडलेली नाही.

आता मुख्य मुद्दा. हार्प्सिकॉर्डची पट्टी दाबली की आत एक बारीक अणी तार छेडते, मिजराबीसारखी. पट्टी कितीही जोरात दाबा, आवाज जवळपास तेवढाच. हार्मोनियमला निदान भाता असतो, इथे तीही सोय नाही. त्यामुळे भोवती किती जण आणि कुठली वाद्यं घेऊन बसलेत, यावर सगळा खेळ. फ्रायबुर्गची मंडळी मोजकी, वाद्यं जुन्या घडणीची, बासरी लाकडी. मधल्या संथ भागात तर तिघांचंच बोलणं चालतं, तिथे तारेची टक् सुद्धा ऐकू येते. सूर लावायची पट्टीही जुनी, आजच्यापेक्षा साधारण अर्धा स्वर खाली. पेटी घेऊन बसलात तर पांढरी दोनऐवजी काळी एक जुळेल.

रिख्टरकडे वाद्यं आधुनिक, हार्प्सिकॉर्डसुद्धा आधुनिक बांधणीचं, जाड आवाजाचं. त्याच्यावर बसून तो स्वतःच सगळ्यांना चालवतो. ही पद्धत आज जुनाट वाटते, मलाही वाटते. पण कॅडेन्झा ज्या निश्चयाने तो रेटत नेतो, तिथे डोळे हलत नाहीत.

फुकटात हवं असेल तर नेदरलँड्स बाख सोसायटीचं बघा. बाखची एकूण एक रचना चित्रित करून ते यूट्यूबवर टाकतात. चित्र आणि आवाज दोन्ही आजचे, स्वच्छ.

एकच विनंती: फोनच्या स्पीकरवर बघू नका. पत्र्याच्या डब्यात चिल्लर हलवल्यासारखं ऐकू येतं आणि दोष बिचाऱ्या वाद्याला जातो. साधे हेडफोन पुरतात.

आधी फ्रायबुर्ग, मग रिख्टर, असा माझा क्रम. घरी टीव्हीवर फ्रायबुर्ग लावलं तेव्हा आईने आतूनच विचारलं, "सतारीचं लग्न पेटीशी लावलंय का रे?" रिख्टरची कॅडेन्झा सुरू झाली तेव्हा मात्र ती हातात लाटणं घेऊन बाहेर आली, आणि संपेपर्यंत दारातच उभी राहिली.