राणीची बाग की घारापुरी?

वहिनी विचारत होती, रविवारी पोरांना कुठे न्यावं?

खर्चात भायखळ्याची राणीची बाग सरळ जिंकते. घारापुरीला लाँचच्या तिकिटातच पाकीट हलकं होतं, वर लेण्यांचं तिकीट वेगळं, पंधराखालच्यांना तेवढं माफ.

दमणूक? बागेत सावली आहे, पेंग्विनच्या काचेला नाक लावून पोरं हलतच नाहीत. घारापुरीला गेटवेहून तासभर लाँच, मग शंभरावर पायऱ्या. आमच्या धाकटीच्या हातचं कणीस माकडाने पळवलं. ती अजून तेवढंच सांगते, त्रिमूर्ती गेली विसरून!

बाग बुधवारी बंद, लेणी सोमवारी.

पोरं पाचाखालची असतील तर बाग. चौथी-पाचवीतली असतील आणि पावसाळा नसेल, तर लाँच पकडा.