बार्शी लाइट रेल्वे, साल १९१२: एच-ओ-ई लेआउट एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

लेआउट, म्हणजे बोर्डावर मांडलेली छोटी मॉडेल रेल्वे, नवा असतो तेव्हा सगळंच छान दिसतं. रुळांना चकाकी असते, गवत उभं असतं, गाडी न अडखळता फिरते आणि आपण फोटो काढत सुटतो. खरा हिशोब धूळ बसल्यावर आणि पावसाळा घरात शिरल्यावर होतो. म्हणून हा अनुभव मुद्दाम उशिरा लिहितोय. यातलं बरंचसं सामान बाहेरून मागवावं लागतं आणि कस्टम ड्यूटी भरून झाल्यावर ‘हे नको होतं’ असं वाटलं तर परतीची सोय नसते.

आधी विषय सांगतो. कुर्डुवाडी ते बार्शी ही छोटी गाडी १८९७ साली सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा तिचा कर्ताकरविता. (याच माणसाने पुढे वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूट काढलं. डोकं एका जागी न ठरणारा गृहस्थ!) १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला गेली, १९११ मध्ये लातूरला, आणि मिरजेला पोचायला १९२७ उजाडलं. मी १९१२ साल निवडलं. म्हणजे लातूरचा, निजामाच्या मुलखातला कापूस नुकताच या लाइनवर यायला लागलाय आणि मिरजेचा फाटा अजून नाही. स्टेशन काल्पनिक आहे, नाव ‘वडगाव’. एक फलाट, एक साइडिंग (डबे उभे करायचा बाजूचा रूळ), मालधक्का आणि मागे जिनिंगची शेड. दोन बोर्ड, प्रत्येकी चार फूट बाय दीड फूट, बेडरूमच्या भिंतीला लागून.

स्केल १:८७ (सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं) आणि दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, ९ मिमी. यालाच एच-ओ-ई म्हणतात. हा निर्णय सगळ्यात फायद्याचा ठरला. खऱ्या लाइनचा गेज अडीच फूट, म्हणजे ७६२ मिमी. त्याला ८७ ने भागलं की ८.७६ येतात. पाव मिलिमीटरचा फरक कुणाच्या बापाला दिसत नाही. ९ मिमी म्हणजेच एन गेज या आणखी छोट्या मॉडेल-मापाचा रूळ, त्यामुळे जपानी एन गेजच्या चेसिस (मोटर आणि चाकांसकट सांगाडे) सरळ वापरता येतात. एक मोह मात्र टाळा. कॅलथ्रॉपनेच इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड ही तशीच छोटी रेल्वे उभारली, ती १९०४ मध्ये सुरू झाली. तिची किट्स (घरी जोडायची मॉडेलं) दिसायला आपल्या लाइनच्या अगदी जवळची आहेत, पण ती १:७६ मध्ये असतात. १:८७ च्या डब्याशेजारी ती चौदा-पंधरा टक्के मोठी दिसतात आणि ते लगेच डोळ्यांत खुपतं.

डब्यांच्या बाबतीत कॅलथ्रॉपने मॉडेलवाल्यांवर उपकारच केलेत. त्याने जवळपास सगळे डबे एकाच मापाच्या, २५ फुटी पोलादी सांगाड्यावर बसवले. आपल्या स्केलमध्ये साडेसत्याऐंशी मिमी लांब आणि साडेचोवीस मिमी रुंद. एकदा अंडरफ्रेमचं डिझाइन केलं की तेच थ्री-डी प्रिंटरवर रेझिनमध्ये छापत राहायचं. वर उघडा मालडबा ठेवा, बंद ठेवा नाहीतर प्रवासी. एका ओळखीच्याकडून छापून घेतलेल्या या फ्रेम्स अजून सरळ आहेत. पातळ दांडे मात्र उन्हाळ्यात वाकले, म्हणून छतावरच्या कांबी आणि पायऱ्या आता पितळी तारेच्या केल्यात. रेझिनच्या पातळ भागांवर विसंबू नये, विशेषतः पश्चिमेची खिडकी असलेल्या खोलीत.

आता रूळ. ९ मिमीचा जो तयार फ्लेक्स ट्रॅक (हवा तसा वाकवता येणारा रूळ) सहज मिळतो तो कोड ८०, म्हणजे रुळाची उंची दोन मिमी. ८७ ने गुणलं तर पावणेदोनशे मिमीच्या आसपास जाते, म्हणजे एक्स्प्रेस गाड्यांच्या मेन लाइनचा रूळ झाला. बार्शी लाइटचा रूळ होता यार्डाला ३० पौंडांचा, सगळं गणितच दर आसाला पाच टनांवर बेतलेलं. त्याची उंची याच्या निम्मीही भरणार नाही. कोड ४० च्या रुळाने ते जमतं, पण मग स्लीपरपासून (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) सगळं हाताने आलं. मी कोड ८० च ठेवला आणि तो लपवला. आधी रुळाच्या दोन्ही कडांना मातकट तांबूस-तपकिरी रंग, मग स्लीपर जेमतेम दिसतील इतका मुरूम. फक्त वरची चकाकती रेघ उरते आणि रूळ आपोआप बारीक दिसायला लागतो. इतक्या महिन्यांत एकाही पाहुण्याने रुळाच्या उंचीवर बोट ठेवलेलं नाही. छोट्या गेजचाच ट्रॅक घ्या, एन गेजचा घेऊ नका. दोन्हींत रुळांमधलं अंतर तेच असलं तरी एन गेजचे स्लीपर बारीक आणि दाट असतात, त्याने सगळा भास मोडतो.

माती हा या लेआउटचा आत्मा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो. परदेशी पाकिटांतली ‘माती’ इंग्लंड-जर्मनीच्या शेतातली असते, गवतही त्याच ओल्या हिरव्या रंगाचं. सोलापूर जिल्ह्यातला माघ-फाल्गुन त्यातून निघत नाही. मी बार्शीकडची खरी काळी माती आणली. आधी तव्यावर कोरडी भाजली, किडे-अंडी मरतात आणि ओल जाते. मग पिठाच्या चाळणीने, त्यानंतर वस्त्रगाळ. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं काम: प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक त्यातून दहा वेळा फिरवायचं. आपला सगळा दगड बसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट असतं. चुंबकाला काळ्या केसांसारखी दाढी येते. ती तशीच मातीत राहिली तर इंजिनाच्या मोटरमध्ये जाऊन बसते, कारण मोटरमध्येही चुंबकच आहे. परदेशी व्हिडिओंमध्ये यावर फारसं कुणी बोलत नाही.

चिकटवायला फेविकॉल एक भाग, पाणी तीन भाग आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. आधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवायची आणि मग ड्रॉपरने हळूहळू सोडायचं, नाहीतर थेंबाखाली खड्डे पडतात. फेविकॉल सुकल्यावर माती मूळच्यापेक्षा काळी होते. शिवाय छोट्या स्केलवर गडद रंग आणखी गडद वाटतो. म्हणून वरून तीच माती, पण राखाडी खडूची पूड मिसळून, कोरड्या ब्रशने फिरवली. आणि एक बक्षीस फुकटात मिळालं. मालधक्क्याच्या मागे मातीचा चिखल पातळ थरात ओतून गोंद न घालता सुकू दिला, तर तो आपोआप भेगाळला. खऱ्या काळ्या रानाला उन्हाळ्यात पडतात तशा भेगा, बरोबर मापात. कितीही ब्रश फिरवून त्या तशा काढता आल्या नसत्या.

गवतासाठी स्टॅटिक ग्रासचं, म्हणजे विजेच्या भाराने गवताचे तंतू उभे चिकटवणारं, तयार यंत्र महाग पडतं. मी डास मारायच्या रॅकेटपासून बनवलं: जाळी काढायची, एक वायर स्टीलच्या चहाच्या गाळणीला, दुसरी मगर-चिमट्याने ओल्या फेविकॉलमध्ये खोचलेल्या खिळ्याला. दोन मिमीचे तंतू तर खाडकन उभे राहतात, चार मिमीचे मात्र अर्धे आडवे पडतात. कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहतो, बटण सोडल्यावरही झटका बसतो. लहान मुलं घरात असतील तर तयार यंत्रच घ्या, पैसे गेले तरी चालतील. पावसाळ्यात हे काम करू नका. हवा दमट असली की तंतू उभेच राहत नाहीत. आणि रंग? पिवळसर, करडा, थोडा गव्हाळ. हिरवा जवळजवळ नाहीच, फक्त विहिरीच्या थारोळ्याशी एक चिमूट.

आता जुन्या काळाबद्दल. १९१२ दाखवायचं म्हणजे जुनं इंजिन ठेवायचं, एवढंच बहुतेक लोक करतात. माझ्या अनुभवात काळ उभा राहतो तो काय काय काढून टाकलं यावर. गाजर गवत नाही, ते पन्नासच्या दशकापासूनचं. उसाचे मळे नाहीत. या भागाला उजनीने हिरवं केलं आणि ते धरण १९८० चं. म्हणून सगळीकडे ज्वारी, आणि तीही कापून झालेली: काथ्याचे वीस-बावीस मिमीचे तुकडे दोऱ्याने बांधून केलेल्या पेंढ्या आणि त्यांची गंजी. विजेचे खांब नाहीत, तारायंत्राची तार आहे. ती लायक्रा धाग्याची केलीय, कोपर लागलं तरी तुटत नाही. बैलगाडीची चाकं लाकडी, वर लोखंडी धाव. रबरी टायरची बैलगाडी दिसली की चाळीस वर्षं पुढे उडी बसते. घरं धाब्याची, पांढऱ्या मातीची. आणि गांधी टोपी नाही! ती १९१९-२० च्या सुमाराला आली. गावाकडचा सीन म्हटलं की हात आपोआप पांढऱ्या टोपीकडे जातो, तो आवरायचा.

इथून माणसांचा प्रश्न सुरू होतो. १:८७ मध्ये मिळतात ते जर्मन प्रवासी, हॅट आणि झग्यात. मी रंग न दिलेली स्वस्त माणसं घेतली, हॅट कापली आणि फेटे बांधले. त्याची पद्धत: दोन भागांच्या इपॉक्सी पुटीची सुईच्या जाडीची वळी करायची, ती डोक्याभोवती तीन-चार फेरे गुंडाळायची, ओल्या टूथपिकने घड्या दाबायच्या आणि शेवटचं टोक मागे सोडायचं. दुकानात मिळणारं एम-सील फार लवकर घट्ट होतं आणि रवाळ आहे. दोन-तीन फेट्यांपुरतं चालतं, जत्रा करायची असेल तर बारीक पोताची मॉडेलिंग पुटीच हवी. धोतर आणि नऊवारीसाठी टिश्यू पेपरचा एक पदर सोलून पातळ फेविकॉलमध्ये बुडवायचा आणि चिमट्याने अंगावर नेसवायचा. नऊवारीचा काष्टा जमायला हात बसावा लागतो. बायको म्हणाली, “ही बाई पडद्यात गुंडाळलीय.” तिने स्वतः एक नेसवून दाखवली आणि फलाटावरची सगळ्यात चांगली बाई तीच आहे.

इंजिन ए क्लास, ०-८-४ टँक (पुढे छोटी चाकं नाहीत, मधे आठ ओढणारी, मागे चार छोटी, आणि पाण्याची टाकी इंजिनावरच), मूळचं लीड्सच्या किट्सन कंपनीचं. हे तयार कुठेच मिळत नाही. एन गेजच्या जपानी आठचाकी इंजिनाची चेसिस, पुढची छोटी चाकं काढून, वर रेझिनची बॉडी आणि पाठीमागे चार चाकांची घसरती बोगी. पोटात शिसं भरलं तेव्हा कुठे सहा भरलेले डबे ओढायला लागलं. काळा रंग शुद्ध काळा देऊ नका, त्यात थोडा करडा आणि कणभर तपकिरी टाका. शुद्ध काळ्यात रिव्हेट, दारं सगळं गडप होतं. साध्या डीसीवर चालवतो. इतक्या छोट्या स्टेशनात एका वेळी एकच गाडी हलते, डीसीसीचा (प्रत्येक इंजिन वेगळं चालवणाऱ्या डिजिटल यंत्रणेचा) खर्च कशाला? ते पैसे मी नव्या चाकांवर घातले.

पावसाळ्याने कुणाला सोडलं नाही. बोर्ड बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायचे आहेत, खालून आणि कडांना दोन हात वॉर्निश. ते हलले नाहीत. वरचा एक्सपीएस फोमही (घट्ट थर्माकोलसारखा) जागेवर आहे. रुळांच्या जोडांत व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट ठेवली होती, उन्हाळ्यात ती मिटते आणि गारठ्यात परत दिसते. गाडी अडखळते ती रुळावरच्या काळ्या थराने. आयसोप्रोपिल आणि जुनी बनियन, एवढंच लागतं. सॅण्डपेपर अजिबात नको, त्याच्या ओरखड्यांत घाण दुप्पट वेगाने बसते. एका ऑनलाइन दुकानातून घेतलेली पॉइंटची (गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्याची) मोटर जुलैत बंद पडली आणि वॉरंटीबद्दल उत्तर आलं नाही. आता पॉइंट सायकलच्या आऱ्याने आणि सरकत्या स्विचने हाताने बदलतो. कटकट संपली.

कागदी-पुठ्ठ्याच्या इमारतींना कसर लागली. जिनिंग शेडच्या भिंतीवर खाल्ल्याच्या नक्षी उमटल्या, म्हणून ती शेड आता स्टायरीनची (पॉलिस्टायरीन प्लास्टिकच्या पत्र्याची) आहे आणि छत अॅल्युमिनियम फॉइल नालीदार दाबून केलंय. कसरीवर डांबरगोळ्या ठेवायचा सल्ला कुणीही देईल. ठेवू नका, त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडतं. मी बोर्डांखाली कडुनिंबाचा पाला ठेवतो आणि वर जुनी सुती साडी. प्लास्टिकचं कव्हर आत दमटपणा कोंडतं.

मोठे लेआउट बघायची हौस असेल त्यांनी कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघावंच. तिथे अख्खं शहर चालतं. पण छोट्या खोलीत तसलं काही घुसवायचा प्रयत्न करू नये, आणि सोलापूरच्या पठारावर बोगदाही खोदू नये. गाडी नजरेआड करायला बोगदा नाही, म्हणून माझ्याकडे एका टोकाला जिनिंग शेड आणि दुसऱ्या टोकाला बाभळींची दाट ओळ आहे. बाभळी सुकलेल्या तुळशीच्या मंजिऱ्यांच्या, त्यावर भुरभुरलेली वाळलेली कसुरी मेथी. मेथीचा रंग काही महिन्यांत उडतो. ऊन लागणाऱ्या बाजूची झाडं मी रंग फवारून परत केलीत, बाकीची दिवाळीनंतर घेईन.

पुन्हा पैसे कशावर घालेन? चाकं, चेसिस, चांगला ट्रॅक, बारीक पुटी. कशावर घालणार नाही? पाकिटातली माती, तयार झाडं, आणि पॉइंटच्या मोटरी. नवीन सुरू करणाऱ्याने एकच बोर्ड करावा, साइडिंगसकट, आणि एक पावसाळा त्यावर गाडी चालवून मगच दुसऱ्या बोर्डाचं प्लाय कापावं.