योगा ब्लॉक आणि पट्टा: अंग आखडलेल्यांनी नक्की घ्या

दोन फोमचे ब्लॉक (९ बाय ६ बाय ४ इंच) आणि ८ फुटी कॉटनचा पट्टा असा सेट आहे, रोज वापरतेय. माझ्या मांड्यांमागचे स्नायू इतके आखडलेत की पुढे वाकलं तरी हात गुडघ्याखाली जायचेच नाहीत, मग जोर करून पाठ गोल व्हायची आणि नंतर कंबर धरायची. आता पाय पसरून पुढे वाकायच्या पश्चिमोत्तानासनात ब्लॉक आडवा ठेवून त्यावर बसते, पट्टा तळपायांना अडकवते, गुडघे जरा वाकलेलेच ठेवते, आणि पाठ सरळ राहून ताण जिथे यायला हवा तिथेच येतो!! बाजूला वाकायच्या त्रिकोणासनात हात जमिनीऐवजी उभ्या ब्लॉकवर, श्वास अजिबात अडकत नाही. योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी आसनांना अशी साधनं का जोडली ते मला तेव्हा कळलं. पट्ट्याची डी-रिंग (D आकाराची कडी) पण मस्त, सरकत नाही.

तक्रार एकच, फोम हलका आहे, उभ्या ब्लॉकवर पूर्ण भार टाकला की डुगडुगतो. अर्धचंद्रासनासारख्या तोल सांभाळायच्या आसनांना कॉर्कचाच घ्या, जड असतो पण हलत नाही. गुडघे दुमडून बसायच्या वीरासनात गुडघे दुखत असतील तर दोन ब्लॉक एकावर एक ठेवून बसा, तरीही दुखलं तर ते आसन सध्या सोडा.