मिनिएचरवर (छोट्या पुतळ्यावर) बारीक नक्षीकाम करायचंय: ग्रीन स्टफ, मिलिपुट की सरळ एम-सील?

मावळ्याच्या पागोट्याच्या घड्या, ढालीवरच्या फुल्या (गोल उठावदार बटणं), गळ्यातली मोत्याची माळ असलं काम एपॉक्सी पुट्टीत (दोन भाग एकत्र मळले की कडक होणारी पुट्टी) करायचंय पण कुठली पुट्टी घ्यायची इथेच घोडं अडलंय, अशांसाठी लिहितोय. किंमत नंतर बघा, आधी एवढंच ठरवा की तो डिटेल पुट्टी मऊ असताना दाबून काढणार का ती दगड झाल्यावर कोरून-घासून, कारण निम्मा निकाल तिथेच लागतो.

दाबून काढणार असाल तर ग्रीन स्टफ. अमेरिकेत नीडाटाइट नावाने बनते, एक निळा भाग एक पिवळा, समसमान मळले की हिरवी. पट्टीत आली तर दोन रंग जिथे चिकटलेले असतात तिथला दोन-तीन मिमीचा भाग ब्लेडने कापून सरळ फेकायचा, तो आधीच धरलेला असतो आणि मग गुठळ्या येतात. पिवळी थोडी जास्त घेतली की मऊ आणि चिवट, निळी जास्त घेतली की कडक आणि लवकर धरते. हातात साधारण दीड तास मिळतो पण मळल्या मळल्या ती नुसती चिकटते, टूलबरोबर उचलून येते, त्यामुळे वीस-पंचवीस मिनिटं तिला तशीच पडू द्यायची आणि मग हात लावायचा. टूल मात्र सतत ओलं पाहिजे, नाहीतर किंचित व्हॅसलीन (रंगाआधी साबणाने धुवा, नाहीतर प्राइमर धरणार नाही).

ती कुठे चमकते ते सांगतो. 54 मिमी उंचीचा पुतळा म्हणजे अंदाजे 1/32 स्केल, खऱ्या माणसाच्या बत्तिसाव्या हिश्श्याएवढा. मोत्याच्या माळेसाठी पुट्टीची बारीक दोरी वळून गळ्यावर बसवायची, अर्धा तास थांबायचं, मग मेडिकलमधून आणलेल्या 22 नंबरच्या इंजेक्शनच्या सुईचं टोक कानशीने सपाट करून ती दोरीवर एकाला एक लागून दाबत जायची. सुई आतून साधारण 0.41 मिमी, म्हणजे खऱ्या मापात 13 मिमीचा मोती, एकदम बरोबर दिसतो. ढालीच्या चार फुल्यांना 18 नंबरची सुई घ्या, ती आतून 0.84 मिमी असते आणि नंबर कमी म्हणजे सुई जाड हे लक्षात ठेवा. हे काम मिलिपुटमध्ये करून बघाल तर मोत्यांच्या कडा भुरभुरतात.

ग्रीन स्टफची खोड म्हणजे वाळल्यावरही ती जराशी रबरी राहते, पॉलिश पेपर लावला की गुळगुळीत व्हायच्या ऐवजी तिचे तुसे निघतात. तलवारीच्या मुठीची सरळ धार तिच्यात काढायची म्हणजे डोक्याला ताप, कडा गोलसर होतातच.

तिथे मिलिपुट. ही वेल्सची, पाकिटात दोन कांड्या, त्या समसमान मळायच्या. प्रकारांपैकी स्टँडर्ड पिवळट-करडी आणि सुपरफाइन पांढरी, बारीक कामाला सुपरफाइनच घ्या. हिचा मोठा गुण म्हणजे पाणी, ओल्या बोटाने नाहीतर ब्रशने फिरवलं की कड मूळ प्लास्टिकमध्ये अशी विरते की सांधा सापडत नाही, ग्रीन स्टफला हे जमतच नाही. तीन-चार तासात धरते, दुसऱ्या दिवशी ड्रिल करा, कानस मारा, कोरा, सगळं सहन करते. पण ठिसूळ आहे. भाल्याची पताका किंवा सुटा लोंबणारा गोंडा तिच्यात केला तर हाताळताना तुटणार, हे धरूनच चाला.

आता एम-सील. हार्डवेअरच्या दुकानात मिळते, स्वस्त आहे, आणि मोठ्या स्केलवर, दिवाळीच्या किल्ल्याचा बुरूज किंवा पुतळ्याखालचा खडक करायला मस्त. बारीक कामाला नको, रवाळ असते आणि लवकर धरते, फटाफटवाली तर पाइप गळतीसाठी आहे तिच्या नादी लागूच नका. त्यापेक्षा एम-सीलवाल्याच पिडिलाइट कंपनीची म्युरलवाले वापरतात ती मोल्डइट (जुने लोक शिल्पकार म्हणतात) बरी, हात बसवायला मी तीच सांगेन, आयात केलेली पुट्टी शिकण्यात घालवणं खिशाला परवडत नाही.

आणि ज्यांना दोन्ही पाहिजे त्यांनी ग्रीन स्टफ आणि मिलिपुट आधी आपापल्या वेगळ्या मळायच्या, मग अर्धी-अर्धी एकत्र करायची. चिवटपणा टिकतो, पॉलिश पेपरही लागतो. चेहरा, दाढी, अंगरख्याच्या चुण्या यासाठी मला हेच मिश्रण सगळ्यात आवडतं.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचं मात्र भान ठेवा, पाकिटावरचे वेळ थंड देशातल्या खोलीचे असतात, एप्रिल-मेमध्ये सगळं भराभर धरतं, म्हणून वाटाण्याएवढीच मळा. उरलेली न मळलेली ग्रीन स्टफ हवाबंद डबीत फ्रीझरमध्ये टिकते, फक्त घरच्यांना आधी सांगून ठेवा.

तर 28 मिमीच्या पुतळ्यांवर कापड-केस-माळा करणार असाल तर ग्रीन स्टफ, शस्त्रं, चिलखत, दगडी बांधकाम असेल तर मिलिपुट सुपरफाइन, दोन्ही थोडं थोडं असेल तर लहान पाकिटं घेऊन मिश्रण. कुठलीही घेतलीत तरी मळताना ग्लोव्ह्ज घाला, कच्च्या एपॉक्सीची अॅलर्जी एकदा अंगात बसली की जात नाही, आणि मिलिपुट घासताना मास्क लावा किंवा ओला पॉलिश पेपर वापरा.