मुक्काम उपनगरात, भटकंती मुंबईत: लोकल-मेट्रोच्या भरवशावर कितपत जमतं?

मुंबई बघायला येणाऱ्याने फोर्ट-कुलाब्याऐवजी उपनगरात खोली घ्यावी का? खुशाल घ्यावी. फक्त हॉटेल शोधताना ‘गेटवेपासून किती किलोमीटर’ या आकड्याकडे दुर्लक्ष करावं. खोलीपासून स्टेशन पायी किती आणि त्या स्टेशनावर फास्ट लोकल (मोजक्याच स्टेशनांवर थांबणारी; स्लो सगळीकडे थांबते) थांबते का, हे दोनच प्रश्न महत्त्वाचे. सीएसएमटीपासून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ठाणे ३४ किलोमीटर, पण फास्टने पाऊण तासाच्या आत-बाहेर काम होतं. सीएसएमटीहून पनवेलकडे जाणाऱ्या हार्बर मार्गावर फास्ट हा प्रकारच नाही. त्यामुळे पनवेलला खोली स्वस्त मिळाली तरी सीएसएमटीला पोचायला सव्वा तासाच्या वर जातो, परतताना तेवढाच, आणि तिसऱ्या दिवशी स्वस्ताई महाग वाटू लागते.

आमच्या मते पहिला नंबर घाटकोपरचा. मध्य रेल्वेची फास्ट थांबते, स्टेशनाला लागूनच मेट्रो १ आहे, आणि ती अंधेरीला नेऊन सोडते, म्हणजे पश्चिम रेल्वेही हाताशी. अंधेरी त्याच तोडीची, फक्त खोल्या महाग. ठाणे तिसरं, पण तिथे हॉटेल खरोखर स्टेशनजवळ हवं. घोडबंदर रोडवरचं हॉटेल जाहिरातीत ‘ठाण्यात’ असतं. संध्याकाळी स्टेशनावरून तिथे पोचायला लोकलइतकाच वेळ लागू शकतो. बोरिवली नॅशनल पार्क आणि कान्हेरी लेण्यांसाठी उत्तम. कल्याणच्या पुढे मात्र पाहुण्यांनी जाऊ नये. आणि हॉटेल स्टेशनाच्या पूर्वेला की पश्चिमेला हे बुकिंग करतानाच नकाशावर बघून घ्या. चुकीच्या बाजूला बाहेर पडलात तर बॅगा घेऊन पुन्हा पुलाचे जिने चढायचे.

बाहेरगावच्या बऱ्याच गाड्या नाशिक-पुण्याकडून येताना कल्याण-ठाण्याला आणि गुजरातकडून येताना बोरिवलीला थांबतात. मुक्काम उपनगरात असेल तर तिथेच उतरायचं. टर्मिनसपर्यंत जाऊन बॅगांसकट उलटं येण्यात अर्थ नाही. लोकमान्य टिळक टर्मिनसला उतरणाऱ्यांची एक ठरलेली चूक होते. टर्मिनस कुर्ल्यात असलं तरी कुर्ला लोकल स्टेशनाला जोडलेलं नाही. जवळचं लोकल स्टेशन टिळकनगर, तेही हार्बरचं. ठाण्याकडे जायचं तर रिक्षाने कुर्ला गाठणं सोयीचं.

तिकिटाचं म्हणाल तर सेकंड क्लास पाच रुपयांपासून सुरू होतं, ठाणे ते सीएसएमटी १५ रुपये. एवढ्यात इतकं अंतर कापून देणारी दुसरी सोय शहरात नाही. रेल्वेच्या रेलवन अॅपवर पेपरलेस तिकीट मिळतं, पण स्टेशनाच्या हद्दीत शिरल्यावर ते निघत नाही. हॉटेलातून निघतानाच काढा आणि तासाभरात गाडी पकडा. खिडकीवर काढत असाल तर रिटर्नच काढा, संध्याकाळची रांग वाचते. एक, तीन आणि पाच दिवसांचं टुरिस्ट तिकीटही आहे. दिवसाला जाऊन-येऊन दोनच फेऱ्या करणाऱ्याचे त्यात पैसे वाचत नाहीत. दिवसभर ठिकठिकाणी चढ-उतार करणाऱ्यानेच ते घ्यावं.

एसी लोकलचं तिकीट वेगळं, साध्या सेकंडच्या कित्येक पट. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर दुपारची एसी लोकल पैसे वसूल करते. गर्दीच्या वेळी तीही भरूनच येते, वर दारं बंद व्हायला वेळ लागतो. पाहुण्यांना दंड बहुतेक वेळा फर्स्ट क्लासमध्ये होतो. फलाटावर एका डब्यासमोर कमी गर्दी दिसते, माणूस आनंदाने चढतो, आणि तो डबा फर्स्टचा निघतो. डब्यावर तिरके रंगीत पट्टे दिसले की थांबून वाचा: फर्स्ट, महिला किंवा दिव्यांग यांपैकी काहीतरी असणार. दंड किमान २५० रुपये, भाडं वेगळं.

वेळेचं गणित साधं आहे. सकाळी आठ ते अकरा सगळी गर्दी दक्षिणेकडे जाते, संध्याकाळी पाच ते नऊ उलटी येते. उपनगरात राहणारा पाहुणा नेमका याच प्रवाहात सापडतो, आणि या व्यवस्थेचा सगळ्यात मोठा तोटा हाच. निघायचं अकरानंतर, परतायचं एकतर पाचच्या आत नाहीतर जेवून नऊनंतर. सकाळी निघणं भागच असेल तर ठाण्याला कर्जत-कसाऱ्याहून भरून आलेल्या फास्टच्या नादी लागू नका. ठाण्याहूनच सुटणारी स्लो धरा: पंधरा-वीस मिनिटं जास्त जातील, पण बसायला मिळेल.

फलाटावरचा इंडिकेटर वाचायला शिकणं हे अर्धं काम. गाडी कुठली, फास्ट की स्लो, किती डब्यांची आणि किती वाजताची, एवढं त्यावर असतं. पण मध्य रेल्वेवर एक गंमत आहे. कर्जत लोकलची खूण ‘एस’ आणि कसाऱ्याची ‘एन’. स्लोची खूणही ‘एस’च! अक्षर गाडीच्या नावाच्या जागी आहे की वेगाच्या जागी, हे बघितलं नाही तर कर्जत फास्टला स्लो समजून सोडून द्याल, किंवा मुलुंड-भांडुपला उतरायचं असताना तीत चढून बसाल.

चढण्यापेक्षा उतरणं अवघड. मधल्या स्टेशनावर थांबा जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. दादरला उतरायचं तर कुर्ला सुटताच दाराकडे सरका आणि पुढच्याला विचारा, “दादर उतरणार?” उत्तर ‘नाही’ आलं की जागा बदलून पुढे व्हायचं, यात कुणाला वाईट वाटत नाही, रीतच आहे. सॅक पाठीवरून काढून छातीशी धरा. फलाट कुठल्या बाजूला येणार हेही त्याच माणसाला विचारा. बायका महिला डब्यात आणि पुरुष जनरलमध्ये असे विभागलात तर उतरण्याचं स्टेशन आणि भेटण्याची जागा आधी ठरवा. दादरचे फलाट डिसेंबर २०२३ पासून सलग क्रमांकांचे झालेत: पश्चिमेचे १ ते ७, मध्यचे ८ ते १४. जुना माणूस सवयीने जुना नंबर सांगतो, तेव्हा पाटी बघा.

मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड पूर्ण सुरू झाली आणि उपनगरातल्या मुक्कामाचं गणित खरंच बदललं. घाटकोपर किंवा अंधेरीहून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे बदलून हुतात्मा चौक, वर आलं की काळा घोडा आणि वस्तुसंग्रहालय पायी. सिद्धिविनायक आणि विमानतळाची दोन्ही टर्मिनल्स याच मार्गावर. भाडं १० ते ७० रुपये, म्हणजे लोकलपेक्षा बरंच जास्त. पण ऑफिसच्या वेळेत निघावंच लागलं तर हाच शहाणा रस्ता. शेवटची गाडी रात्री साडेदहाच्या सुमारास, त्यामुळे रात्रीच्या नाटकानंतर हिचा भरवसा धरू नका.

रिक्षा वांद्रे आणि शीवपर्यंतच. पुढे शहरात टॅक्सी किंवा बेस्टची बस. बसचं किमान भाडं साध्या गाडीत १० आणि एसीत १२ रुपये.

रविवार दिसतो मोकळा, पण तो मेगाब्लॉकचा, म्हणजे रुळांच्या देखभालीसाठी गाड्या बंद ठेवण्याचा किंवा वळवण्याचा दिवस. साधारण अकरा ते चार काही पट्ट्यांत फास्ट गाड्या स्लो ट्रॅकवर वळवतात, हार्बरचा एखादा भाग बंदच असतो. ब्लॉक कुठे आहे हे शनिवारी जाहीर झालेलं असतं, ते बघून रविवारी मेट्रोच्या वाटेवरची ठिकाणं ठेवा. राणीची बाग बुधवारी बंद, घारापुरी सोमवारी, तेव्हा त्या ठिकाणांसाठी ते वार वगळा. जुलैत मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली की शीव-कुर्ल्याकडे रुळांवर पाणी येतं. अशा दिवशी शहरात अडकण्यापेक्षा दुपारीच परत फिरा.

रात्री साधारण एक ते चार लोकल नसतात. शेवटची गाडी बहुधा स्लो असते, ठाण्याला पोचायला तास धरा. स्टेशनाबाहेर रिक्षा मिळते. २६ रुपयांपासून सुरू होणाऱ्या मीटरवर मध्यरात्रीनंतर पाच वाजेपर्यंत २५ टक्के जास्त द्यावे लागतात, त्यावर हुज्जत घालू नका.